तुमच्या बहिणीच्या कानाला लावलेली वीज

झेनज्यांग, २४ मार्च १९८२

आदरणीय थोरले मेहुणे येन क्वेथिंग दादा यांना धाकट्या घरच्या दाय युंगफूचा वाकून नमस्कार.

लांचौची कोरडी हवा तुमच्या घशाला यंदा तरी मानवली असेल, वहिनींचे गुडघे त्यांना जिना चढू देत असतील, आणि नदीवरून येणारी पिवळी धूळ तुमच्या घरात कमी व शेजाऱ्यांच्या घरात जास्त जात असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे ठीक आहोत. (हे वाक्य यापुढे विचारल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून आत्ताच उठून चुलीपाशी जाऊन विचारून आलो. तुमची बहीण म्हणाली, उजवी टाच दुखते, डाव्या कानाला खाज आहे, बाकी ठीक. तेव्हा दुरुस्ती अशी: मी ठीक आहे, तुमची बहीण टाच आणि कान सोडून ठीक आहे.) नव्या वर्षाचं पत्र जाऊन दोन महिनेच झाले असताना हे दुसरं पाकीट, आणि तेही एवढं जाड, पाहून तुम्हाला वाटेल की इकडे कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. जे झालं ते कानामुळे झालं, आणि ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी चौतीस वर्षं तांदूळ आंबवून केलेल्या शिरक्याच्या कारखान्यात चाखणारा होतो, त्यातली शेवटची अठरा वर्षं मुख्य चाखणारा. रांजणाचं झाकण उचलायचं, लाकडी पळीने घोटभर घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं आणि सांगायचं, हा तयार, हा अजून चाळीस दिवस, हा वाया गेला. माझ्या जिभेवर संचालकसुद्धा शंका घेत नसत. असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या जिभेला दिवसभर काही काम राहत नाही, आणि मग तो घरातल्या रश्श्यावर मतं देऊ लागतो. गेल्या नोव्हेंबरात कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली, की नानजिंगहून डॉक्टरांची तुकडी आली आहे, आमच्या भागातल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसते, कानातल्या ठरावीक जागांना बारीक वीज देते आणि त्या वेळी शरीरात कुठे काय जाणवतं ते लिहून घेते. ज्यांना स्पष्ट जाणवतं अशी चाळिशीपुढची माणसं हवीत. बसणाऱ्याला झाकणासकट एनॅमलचा पेला. मी पेल्यासाठी गेलो नाही. (पेला चांगला आहे.) ज्यांना स्पष्ट जाणवतं अशी माणसं हवीत म्हटल्यावर माझ्यावाचून त्यांचं अडेल असं वाटून गेलो.

वर एक खोली, कोळशाची शेगडी, चार खुर्च्या, आणि टेबलावर भोपळ्याएवढा प्लास्टरचा कान. त्यावर शाईचे ठिपके. त्यांचं म्हणणं असं की कान म्हणजे पोटात उलटं झोपलेलं मूल. पाळीत डोकं, वरच्या कडेला पाय, मधल्या खळग्यात आतडी. ज्या ठिपक्याला वीज द्याल, त्या अवयवापर्यंत काहीतरी चालत जातं. सगळं पाहणाऱ्या डॉक्टर फान ही नानजिंगची मुलगी, वय सत्तावीस, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, आवाज इतका हळू की आपणच आधी खोकणं थांबवावं. ती कानात भाताच्या कुसाएवढी सुई टोचते, तिला तारेचा चिमटा लावते, तार तपकिरी डब्यात जाते, आणि डब्याचं बटण शून्यापासून दहापर्यंत फिरतं. मग हातात तक्ता घेऊन विचारते, काय वाटतं. तक्त्यात चार शब्द छापलेले: आंबणं, मुंग्या, फुगणं, जड होणं. पहिलाच शब्द वाचून मला आपण ओळखीच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं.

माझ्याआधी बाटल्या भरणाऱ्या विभागातला पंग बसला. (ज्याला मुख्य चाखणाऱ्याची जागा मिळाली नाही तो. त्याचा उल्लेख पुढे एकदा येईल.) बटण तिनावर गेलं आणि पंगला कमरेपासून अंगठ्यापर्यंत गार पाण्याची धार जाणवली. त्याने बोटाने वाट दाखवली, डॉक्टरीणबाईंनी निळ्या शाईने त्याच्या पोटरीवर रेघ ओढली, आणि पंग ती रेघ आठवडाभर विजार वर करून सगळ्यांना दाखवत होता. मग मी बसलो. बटण तिनावर, चारावर, पाचावर. माझ्या कानात रातकिडा बसल्यासारखं टिकटिक होत होतं, आणि बाकी काहीसुद्धा नव्हतं. आता तुम्हीच सांगा, पंगच्या अंगठ्यापर्यंत पाणी जावं आणि ज्याच्या जिभेवर कारखाना चालला त्याच्या कानात नुसता रातकिडा, हे कोणत्या तोंडाने सांगायचं. मी म्हणालो, आंबतंय. कुठे? गुडघ्यात. (गुडघा तसाही दुखतोच.) कसं आंबतंय? इथे मी थोडा वाहवत गेलो. सात महिन्यांच्या रांजणासारखं, वर पातळ, खाली दाट, शेवटी किंचित भाजल्या तांदळाचा वास, असं सांगितलं. तिने चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी मांडी आंबली, तिसऱ्या दिवशी पाठ, चौथ्या दिवशी दोन्ही खांदे दोन वेगळ्या रांजणांसारखे. वहीत माझी पानं पंगपेक्षा जास्त झाली होती, हे मी रोज उठताना पाहून घेत असे.

सहाव्या दिवशी मी उजव्या पोटरीतल्या आंबटपणाचं वर्णन करत असताना ती लिहायची थांबली, पुढे वाकली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “दाय काका, मघापासून बटण शून्यावर आहे.”

मी बटणाकडे पाहिलं. शून्यावरच होतं. मी म्हणालो, आधीचं उरलेलं असेल. ती हसली नाही. चांगली मुलगी आहे. तिने माझी पानं वहीतून काढली, नीट घडी घातली आणि मला दिली, आणि म्हणाली की थंडी वाढते आहे, तुम्ही आता विश्रांती घ्या. (ती पानं माझ्याकडे आहेत. शिरक्याचं वर्णन म्हणून वाचली तर उत्तम आहेत.)

याच क्षणी तुमची बहीण माझी कापसाची टोपी घेऊन दारात आली, कारण मी ती घरी विसरलो होतो. पंगला त्या दिवशी पडसं होतं, त्याची खुर्ची रिकामी होती, तारा तयार होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, पाच मिनिटं बसता का? तुमची बहीण माझ्याकडे पाहत खुर्चीत बसली. ती एकतीस वर्षं असंच करत आली आहे, कोणी काही विचारलं की माझ्याकडे पाहते आणि मी उत्तर देतो. आमच्यात ही सोय पहिल्या वर्षापासून आहे. सुई लागली, बटण फिरलं, काय वाटतं म्हणून विचारणा झाली. मी टोपी घालता घालता म्हणालो, तिला काही वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “मी त्यांना विचारलं, काका.”

मग तुमची बहीण बोलायला लागली. कानात नाही म्हणाली, खांद्यात. कोणीतरी गरम पाण्याचं भांडं कलंडवल्यासारखं. आता दंडाच्या मागून चाललंय, आता कोपराशी वळलं, इथे बारीक झालं, जसं शेताच्या पाटाचं पाणी कडेला बारीक होतं, आता मनगट, आता करंगळी, आणि करंगळीच्या नखाखाली ठुसठुस. डॉक्टरीणबाई मागोमाग निळी रेघ ओढत होत्या आणि त्यांचा हात मागे पडत होता. मग त्यांनी गुपचूप बटण शून्यावर नेलं. मला ते दिसलं. तुमच्या बहिणीला दिसायचं कारण नव्हतं, डबा तिच्या पाठीमागे होता. ती म्हणाली, “गेलं. बंद केलंस का गं?”

त्या दिवसापासून चार महिने ती रोज सकाळी तिथे जाते. नानजिंगहून पांढऱ्या केसांचे प्रोफेसर खास तिच्यासाठी आले. त्यांनी तिच्या कोपरावर अंगठा दाबून धरला आणि विचारलं, आता? ती म्हणाली, तुमच्या अंगठ्याशी येऊन अडलंय, तुंबतंय, काढा लवकर. त्यांनी अंगठा काढला. ती म्हणाली, निघालं. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. तक्त्यातले चार शब्द तिला पहिल्याच आठवड्यात अपुरे पडले. झिणझिण्या वेगळ्या आणि मुंग्या वेगळ्या, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी, ठणका तर अगदीच वेगळा, आणि ओढ जी आहे ती आतून बाहेर आहे की बाहेरून आत हे आधी विचारायला हवं, असं तिने त्यांना समजावून सांगितलं. शेवटी तिच्यासाठी नवा तक्ता छापून घ्यावा लागला. मी भिंतीलगतच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसत असे. मला कोणी बसवलं नव्हतं. कोणी उठवलंही नाही.

आता खऱ्या त्रासाकडे येतो. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं की जे जाणवेल ते सांगायचं, कितीही बारीक असो, मूर्खपणाचं वाटलं तरी सांगायचं, आणि समोरच्याला काय ऐकायचंय याचा विचार करायचा नाही. ही सूचना तारा लावलेल्या असतानापुरती होती, असा माझा समज. तुमच्या बहिणीने ती घरी आणली. मी सकाळी सहज म्हणालो, आज थंडी आहे. तर तिने तिला थंडी कुठे कुठे आहे ते सांगितलं. माझं घोरणं तिला डाव्या बाजूच्या दोन दाढांमध्ये जाणवतं. माझी आई वारल्यावर तिला मानेतून हलकं वाटलं होतं. पंगच्या बायकोचा आवाज ऐकला की पोटरीत गोळा येतो. (हे मलाही होतं, पण मी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं.) आणि जानेवारीत एका संध्याकाळी, मी नेहमीप्रमाणे तिच्या शेवयांवर शिरका ओतत असताना, तिने वाडगा बाजूला घेतला आणि सांगितलं की तिला शिरका आवडत नाही. मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, लहानपणापासून. दादा, एकतीस वर्षं मी दर जेवणाला माझ्या हाताने तिच्या वाडग्यात शिरका ओतला आहे, आणि तोही रांजणातला पहिला, जो संचालकांना मिळत नाही. मी तो वाडगा माझ्याकडे ओढला आणि दोन्ही वाडगे खाल्ले. दुसरं काय करणार.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कानाच्या मधल्या उंचवट्याला, म्हणजे त्यांच्या हिशेबाने छातीला, वीज दिली. तुमची बहीण म्हणाली, जड आहे. छातीच्या हाडाखाली वीट ठेवल्यासारखं. त्यांनी लिहून घेतलं आणि बटण शून्यावर नेलं. ती म्हणाली, यंत्र बंद झालं ते कळलं, पण वीट आहे तशीच आहे, ती यंत्राची नाहीच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मग कधीपासून आहे. तुमच्या बहिणीने वर्ष सांगितलं: त्रेसष्ट सालचा वसंत. आई लांचौला भावाकडे होती, भावाची तार आली, निघा म्हणून, ह्यांना रजा मिळाली नाही, दोन दिवसांची गाडी, एकटी बाई कशी जाणार, राहून गेलं, आई गेली, तेव्हापासून भाऊ नव्या वर्षाला चार ओळी लिहितो आणि त्यात माझं नाव नसतं. हे सगळं तिने करंगळीतल्या मुंग्या सांगाव्यात त्याच आवाजात सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तक्ता खाली ठेवला.

मी बाकावर होतो. मला कुठलीही तार लावलेली नव्हती. तरी कानाच्या मागून काहीतरी सुटलं, गळ्यावरून खाली आलं आणि पोटात जाऊन बसलं, आणि ते आंबणं नव्हतं, चारांपैकी काहीच नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही. ज्या माणसाने बंद यंत्रावर सहा पानं भरून दिली, त्याने बिनतारेचं काही सांगितलं तर कोण लिहून घेणार.

दादा, रजा मला मिळाली नाही हे खोटं आहे. मी ती मागितलीच नव्हती. त्या वसंतात मुख्य चाखणाऱ्याची जागा रिकामी होत होती, पंग आणि मी असे दोघे होतो, दुष्काळाच्या तीन वाईट वर्षांनंतर पहिल्यांदा पुरता तांदूळ आला होता आणि ते रांजण उघडायच्या दिवसांत जो हजर असेल त्याला जागा मिळणार हे उघड होतं. मी तिला सांगितलं, रजा नामंजूर झाली. आणि तुम्हाला तिच्या नावाने पत्र लिहिलं, की ‘प्रकृतीला प्रवास मानवणार नाही आणि माझीही येण्याची तशी इच्छा नाही’. ‘इच्छा नाही’ हे का लिहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रकृती एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित स्वतः न्यायला आला असतात, एवढंच असावं. तिला लिहिता येत नाही, वाचता येतं ते स्वतःचं नाव आणि आकडे. त्यानंतर दर नव्या वर्षाला मी तुम्हाला तिच्यातर्फे ‘च्यावलान मजेत आहे, काही तक्रार नाही’ असं कळवत आलो. वाक्य चांगलं होतं, बदलायची गरज पडली नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना कालव्याच्या पुलावर मी तिला हे सगळं सांगितलं. पूल मोठा नाही, पण आम्ही तो बराच वेळ ओलांडत होतो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी नंतर न राहवून विचारलं, काय वाटतंय. (हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला, आणि तो डॉक्टरीणबाईंच्याइतका चांगला विचारता आला नाही.) ती म्हणाली, “ते पत्र तुम्ही लिहिलंत ना. मग हेही तुम्हीच लिहा. आणि काही गाळू नका, मी फान पोरीकडून वाचून घेणार आहे.” पुढे महिनाभर मला पत्राला बसायला वेळ झाला नाही. (वेळ होता.) अखेर आज बसलो.

वहिनींना नमस्कार. तुमचा राग मला पोचेल अशा बेताने लिहावा, तो योग्य आहे.

आपला अपराधी,
दाय युंगफू

ता. क. पंगबद्दल वर मी जे लिहिलं त्यातून तो बढाईखोर वाटेल. तसा तो नाही. त्याला मी त्रेसष्टची गोष्ट काल सांगितली. तो म्हणाला की त्याला ती जागा नकोच होती, त्याने तेव्हाच संचालकांना तसं कळवलं होतं, आणि त्याला वाटत होतं की मला ते ठाऊक आहे. म्हणजे मी आठ दिवस लांचौला गेलो असतो तरी जागा मलाच मिळणार होती. हे तुमच्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आता पत्रात आलं म्हणजे कळेलच.

ता. क. दुसरा. मूळ विनंती राहिली. पितरांच्या कबरी झाडायचा सण बारा दिवसांवर आला आहे आणि तुमच्या बहिणीला आईच्या कबरीवर जायचं आहे, पण भावाने बोलावल्याशिवाय ती यायची नाही, असा माझा अंदाज आहे. तेव्हा तिला चार ओळींचं आमंत्रण पाठवावं. पत्ता माझ्या नावाचा घालू नये, तिच्या नावाचा घालावा, आणि अक्षरं मोठी काढावीत. मी हे सुचवलं असं कृपा करून कुठेही दिसू नये.

ता. क. तिसरा, दुसऱ्या हातचा. येन दादा, मी डॉक्टर फान लिहीत आहे, शब्द तुमच्या बहिणीचे आहेत, मी काही बदललेलं नाही. “दादा, पत्र सगळं ऐकलं. बरोबर आहे, फक्त पूल ओलांडताना हे रडत होते ते ह्यांनी गाळलंय. तुझं आमंत्रण येईपर्यंत सण होऊन जाईल, म्हणून मी सोमवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत, बुधवारी पोचू. ह्यांना विचारलेलं नाही, सांगितलंय. आधी आईकडे जाऊ, मग घरी. स्टेशनवर मला रडायला आवडणार नाही, वहिनीला तसं सांगून ठेव. आणि हे पत्र आमच्या मागून पोचलं तर फोडू नकोस. मी तिथेच असेन, काय ते मला विचार.”